नऊ इंचांची पहिली पायरी

लोणावळ्याजवळच्या आमच्या वास्तुकलेच्या कॉलेजात मुख्य जिन्याची अकरावी पायरी इतर पायऱ्यांपेक्षा अर्ध्या इंचाने उंच आहे. इमारती कशा बांधाव्यात हे शिकवणारे आम्ही तेरा जण रोज तो जिना चढत-उतरत होतो. मधूनमधून ठेचकाळतही होतो. पण कारण कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ते सांगितलं मुलाखतीला आलेल्या एका बाईंनी.

प्राचार्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आमचं कॉलेज कसं वाटलं?"

"बरं आहे. अकरावी पायरी चुकलीय."

प्राचार्य हसले आणि त्यांनी शिपायाला टेप आणायला पाठवलं. बाई म्हणाल्या, "त्याला कशाला दमवता? आहे माझ्याकडे." पर्समधून पाच मीटरची पोलादी टेप निघाली. मुलाखत घेणारे तिघे आणि देणाऱ्या बाई असे चौघे जिन्यात बसून मोजत होते, हे मी टाइमटेबल लावता लावता वरच्या कठड्यावरून पाहिलं. नेमणूक त्याच दिवशी झाली.

समोर मी त्यांना 'मॅडम' म्हणायचो. आठवताना मात्र 'बाई' असंच येतं, कारण कॉलेजचे शिपाई, वॉचमन आणि साइटवरचे गवंडी सगळे त्यांना बाईच म्हणत. त्या कन्स्ट्रक्शन शिकवत. वीट, दगड, लाकूड, काँक्रीट, दारं, जिने. बांधकामावर इतकी वर्षं काढल्यामुळे त्यांचा आवाज जरा चढाच होता. साडीखाली त्या बूट घालत. नव्या खोलीत शिरल्यावर आधी भिंतीवर बोटांनी टकटक करत, मग नमस्कार. खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय बसत नसत. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात त्या स्टेजवर चढल्या, नवरा-नवरीला अक्षता टाकल्या आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलल्या. फोटोत नवरा घाबरलेला दिसतो. "मागचा खांब टेकलेला नाही, फार नाचू नका," असं त्या म्हणाल्या होत्या.

बाजारपेठेतल्या चिक्कीच्या दुकानात त्यांनी एकदा काउंटर मोजला होता. तीन फूट आठ इंच. "एवढा उंच का केलात?" त्यांनी मालकाला विचारलं. मालक म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक त्याच्यावर कोपर टेकवून उभं राहतं. कोपर टेकलं की माणूस लवकर हलत नाही." हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की पुढची कित्येक वर्षं ते त्यांच्या पहिल्या तासाला सांगितलं जायचं, मालकाच्या श्रेयासकट.

वर्गात 'साधारण' हा शब्द बंद होता. साधारण तीन फूट म्हणणाऱ्याला त्या टेप देऊन बाहेर पाठवत. दुसरा नियम त्यांच्या स्वतःसाठी होता. विद्यार्थ्याच्या शीटला त्यांची पेन्सिल कधीही लागत नसे. शीटवर बटर पेपर ठेवायचा, म्हणजे आरपार दिसणारा पातळ कागद, आणि दुरुस्ती त्यावर करायची. "शीट तुझी आहे. चूकही तुझीच. ती खोडायचा अधिकार तुला आहे, मला नाही." वर्षाच्या शेवटी त्यांच्या कपाटात बटर पेपरच्या गुंडाळ्या रोल नंबरप्रमाणे लावलेल्या असत. मला याद्यांची आवड आहे, त्यामुळे ते कपाट उघडलं की बरं वाटायचं.

मग टाळेबंदी आली. कॉलेज बंद, हॉस्टेल रिकामं, मुलं आपापल्या गावी. काही दिवसांनी संस्थेकडून आम्हा शिक्षकांना एक फॉर्म आला. ऑनलाइन शिकवण्याची तुमची तयारी किती? पाच पर्याय होते, 'पूर्ण तयार'पासून 'अजिबात तयार नाही'पर्यंत. फॉर्म गोळा करून यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं. तेरा फॉर्म दोन दिवसांत आले. बहुतेकांनी 'बऱ्यापैकी तयार' लिहिलं होतं. मीही तेच लिहिलं, कारण ते सगळ्यांत कमी धोक्याचं होतं.

बाईंनी पाचही चौकोन कोरे ठेवले होते. खाली समासात त्यांच्या नकाशावरच्या अक्षरांत एवढंच: 'विद्यार्थी कुठे बसणार, त्यांना काय दिसणार, हे समजलेलं नाही. जागा न बघता मी नकाशा काढत नाही.'

प्राचार्य म्हणाले, "याचा अर्थ 'अजिबात तयार नाही' असाच होतो. शनिवारपर्यंत त्या हो म्हणाल्या तर ठीक. नाहीतर थर्ड इयरचं कन्स्ट्रक्शन मी बाहेरच्या एकाला देतो. त्याच्याकडे सगळ्या तासांच्या स्लाइड तयार आहेत."

मी बाईंना फोन लावला.

"मॅडम, नुसती एक खूण करा. पुढचं पुढे बघू."

"तुम्ही मला विचारलंत, माझी तयारी आहे का. मुलांना विचारलंत?"

"मुलांची कसली तयारी? त्यांच्याकडे फोन आहेत."

"कुणाकडे? यादी आहे?"

नव्हती. माझ्याकडे नव्हती! दोन दिवस बसून मी थर्ड इयरच्या चाळीसही जणांना फोन केले. फोन कुणाचा आहे, रेंज कुठे येते, नकाशे काढायचा पाट ठेवायला टेबल आहे का, पट्टी-स्केल घरी आहे की हॉस्टेलला अडकली. यादी बाईंना पाठवली. त्यांनी ती वरून खाली वाचली असणार, कारण फोन आला तो शेवटच्या ओळीबद्दल.

"ही बेडशाची मुलगी. रेंजच्या रकान्यात तुम्ही 'स्लॅबवर, शिडीने' असं लिहिलंय. म्हणजे काय?"

"घरावर नवा स्लॅब पडलाय. फक्त तिथे रेंज येते. जिना अजून झालेला नाही, म्हणून शिडी."

"आणि टेबल?"

"नाही."

"पाट घेऊन ती शिडीवर चढणार?"

"मॅडम, हजेरी भरली नाही तर तिचं वर्ष जाईल. तिच्यासमोर दुसरा मार्ग काय आहे?"

"तेच बघायला जाऊ. उद्या शुक्रवार आहे. गाडी तुमची, पास तुम्ही काढा."

पास काढला. कामशेतच्या नाक्यावर पोलिसाने गाडीत डोकावून विचारलं, "काय कारण?" मी बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "जिना." त्याने पास पुन्हा वाचला, बाईंच्या मांडीवरची टेप पाहिली आणि जाऊ दिलं.

पवनानगरच्या रस्त्यावरून आत वळलो तसे माझ्या फोनवरचे रेंजचे दांडे एकेक करून गेले. मुलीचं घर लेण्यांच्या डोंगराखाली, वस्तीच्या टोकाला. वडील गवंडी, टाळेबंदीमुळे घरी बसलेले. दारात 'जय भीम' झालं, बाईंनी चौकटीवर टकटक केली, आणि आतल्या भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर हात जोडून त्या सरळ मागच्या बाजूला गेल्या. शिडी तिथे होती. बांबूची. बाई साठीला आल्या होत्या. त्या चढल्या. मग मलाही चढावं लागलं.

वर मुलीने निळा प्लास्टिकचा कागद चार काठ्यांवर बांधून खोपटं केलं होतं. त्यात एक पालथं घमेलं, तेच टेबल. बाईंनी फोन हातात धरून पूर्ण स्लॅबवर फेऱ्या मारल्या आणि जिथे जिथे रेंज आली तिथे खडूने फुली केली. सगळ्या फुल्या एकाच बाजूला आल्या, जिना जिथे यायचा होता त्या कडेला.

खाली वडील बोलत होते. "बाई, माझा जीव हितं वर-खाली व्हतो. पोरगी एका हातात पाट घेऊन चढती. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे एक वरीस. तर आठ दिस बोलली न्हाई माझ्याशी."

मुलगी वरून म्हणाली, "बाबा, मॅडमना कशाला सांगताय?"

बाई कठड्याशिवायच्या कडेवर वाकून म्हणाल्या, "भाऊ, जिना का राहिला?"

"कामं होती तवा येळ न्हवता. आता येळ हाय, पन जीव लागत न्हाई कामात. सळई हाय, सिमेंट हाय धा पिशव्या."

"मग बांधा. आणि बांधताना माझ्या चाळीस मुलांना बघू द्या."

"हितं? चाळीस?"

"फोनमधून. तुमची मुलगी वरून धरेल."

परत येताना बाईंनी मला दोन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. जिना होईपर्यंत मुलीने शिडीवर मोकळ्या हातांनी चढायचं, पाट दोरीने वर ओढायचा. आणि सोमवारी सकाळी दहाला कन्स्ट्रक्शनचा वर्ग. प्राचार्यांना मी गाडीतूनच कळवलं.

बाईंना ऑनलाइन येत होतं असं अजिबात नाही. सकाळी सातला त्यांचे फोन यायचे. "शेअर केलं म्हणजे नेमकं काय जातं? कागद जातो की मागचं स्वयंपाकघरही?" पहिल्या आठवड्यात त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही विषयाच्या शिक्षकाने केलं नसतं. मुलांनी शीटचे फोटो पाठवले. बाईंनी ते लॅपटॉपवर उघडले, पडद्यावर बटर पेपर चिकटवला आणि हातातली स्केल लावून मोजलं. मोजलं आणि अडतीस जणांना 'मापं चूक, पुन्हा काढा' असं कळवलं. कुणाची पायरी बारा इंच उंच, कुणाचं दार चार फुटांचं. मुलं हादरली. ग्रुपवर रडारड सुरू झाली. फोटो पडद्यावर लहानमोठा होतो, त्याचं माप पडद्यावर घेता येत नाही, हे बाईंच्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी वर्ग सुरू होताच त्या म्हणाल्या, "अडतीस शीट बरोबर होत्या. चूक माझी आहे. वहीत तारीख घालून लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल." मग उपाय सांगितला. एटीएम कार्ड, पॅन कार्ड, लायसन्स, काहीही चालेल, ही सगळी एकाच मापाची असतात. घरातलं एखादं शीटवर उलटं ठेवा, नंबर दिसता कामा नये, आणि मग फोटो काढा. कार्डावरून मी माप काढीन. त्या दिवसापासून आमच्या कॉलेजातल्या प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी वडिलांचं पालथं कार्ड दिसू लागलं. बाकीच्या तेरा शिक्षकांनीही ते उचललं, मीसुद्धा.

जिना बेडशात रोज थोडा थोडा वाढत होता. मुलगी कडेला बसून फोन खाली धरायची, कधी छत्रीखाली, कधी खोपट्यात. चाळीस मुलांनी काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या लागताना पाहिल्या, सळया वाकताना पाहिल्या, काँक्रीट पडताना पाहिलं. वडील सुरुवातीला फोनकडे पाठ करून काम करायचे. पुढे पुढे विचारायला लागले, "दिसतंय न्हवं? का सरकू?"

फळ्या निघाल्या त्या दिवशीचा वर्ग मला नीट आठवतो, कारण हजेरी घ्यायला मीही आत होतो. पुण्याचा एक मुलगा होता, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे माहीत असलेला. वडील पायऱ्यांना टेप लावून दाखवत होते. तो म्हणाला, "मॅडम, सगळ्या पायऱ्या सात इंच आहेत. पहिली नऊ आहे. काकांचं चुकलंय."

पडद्यावर हसण्याच्या खुणांची रांग लागली. मुलीच्या हातातला फोन खाली गेला, आम्हाला नुसता स्लॅब दिसायला लागला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "फोन वर कर. प्रश्न चांगला आहे. उत्तर मी देणार नाही, ज्यांनी बांधलं ते देतील. भाऊ, ऐकलंत?"

"ऐकलं. पन मी काय बोलू बाई? शिकलेली पोरं ती."

"म्हणूनच बोला."

वडिलांनी थापी खाली ठेवली. "आवं, हितं जमीन झालीय कुटं अजून? ही नुसती भर हाय. हिच्यावर माल पडंल, शहाबादी बसंल. दोन इंच वर येनार जमीन. नवातनं दोन गेलं, ऱ्हायलं किती?"

"सात," कुणीतरी हळूच म्हणालं.

"मग! पायऱ्यास्नी नुसता सिमेटचा हात मारनार हाय मी, त्या काय वाढत न्हाईत. आत्ता सात ठिवली आसती तर फरशी बसल्यावर पाच झाली आसती. आन् माझी आई पैल्याच पायरीला पडली आसती."

"आता," बाई म्हणाल्या, "आपापली शीट समोर घ्या. पहिली पायरी कुणी कुणी नऊ काढलीय? हात वर."

एकही हात वर आला नाही. चाळीस शीट, चाळीस वेळा सात. मुलीचीसुद्धा.

पुण्याचा मुलगा म्हणाला, "सॉरी काका."

"सारी कशापाई? तू इचारलंस म्हून तर सांगितलं. न्हाईतर कोन इचारतंय गवंड्याला?"

वर्ग संपल्यावर बाईंचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "हे मी दरवर्षी फळ्यावर सांगते. वहीत उतरवतात आणि शीटमध्ये सात काढतात. साइटवर न्यायचं तर चाळीस जणांना उभं राहायला जागा नसते, मागच्यांना पाठी दिसतात. आज प्रत्येक जण पहिल्या रांगेत होता." दुसऱ्या दिवशी तो जुना फॉर्म भरून आला. 'पूर्ण तयार' या चौकोनात खूण, आणि खाली टीप: 'साइटवरून. फळ्यावरून शिकवायचं असेल तर कॉलेज उघडेपर्यंत थांबेन.'

कॉलेज उघडलं, तरी आठवड्यातून एकदा, गुरुवारी, साइटवरचा वर्ग चालूच राहिला. तो आजही आहे. बाई आता निवृत्त होऊन तळेगावला असतात. तो तास मुलीचे वडील घेतात, जिथे काम चालू असेल तिथून. त्यांना पाहुणे शिक्षक म्हणून नेमताना पात्रतेच्या रकान्यात काय लिहावं असा प्रश्न आला. बाई म्हणाल्या, "गवंडी." मी तेच लिहिलं. माझ्या नोकरीत मी बरेच फॉर्म भरले आहेत. त्यांतला हा मी अभिमानाने सांगतो.

पण त्या वर्षाची तोंडी परीक्षा सांगायची राहिली. मुलीचं वर्ष त्या परीक्षेवरच अडलं होतं. रेंजअभावी तिच्या तीन विषयांच्या शीट उशिरा पोचल्या होत्या आणि त्यांचे गुण कापले गेले होते. कन्स्ट्रक्शनमध्ये कमी पडलं असतं तर वर्ष गेलं असतं, हे तिला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि यादी माझ्यासमोर होती. बाहेरचे परीक्षक बड्या साइट करणारे, घाईत असलेले. शिकवणाऱ्याने परीक्षेत बोलायचं नसतं, म्हणून बाईंचा माइक बंद.

परीक्षकांनी जिन्याची शीट पाहिली. "पहिली पायरी नऊ इंच? ही बेसिक चूक आहे."

मुलीने फरशीचं सगळं नीट सांगितलं.

"हे पाठ केलेलं झालं. प्रत्यक्षात असं मोजून कुणी करत नाही."

"केलंय सर. फरशी बसलीय. आता सात असेल. दाखवते."

"दाखव. फोन खाली ने."

"खाली रेंज जाते सर." ती कडेवर ओणवी झाली, फोन खाली धरला. "बाबा, पहिल्या पायरीला टेप लावा."

खालून आवाज आला, "सात!"

परीक्षक म्हणाले, "ठीक आहे, झालं."

गुण मिळाले होते. तिने फक्त फोन वर घ्यायचा होता. पण ती तशीच ओणवी राहिली.

"बाबा, नीट बघा."

"आगं सातच हाय."

"टेप तिरकी आहे. सरळ धरा."

खालून टेप सरकवल्याचा आवाज आला. मग वडील म्हणाले, "पावनेसात. माल जरा जास्त पडला ह्या अंगाला."

मुलीने फोन वर घेतला. "सर, पावणेसात आहे. पाव इंच चुकलंय."

परीक्षक हसले. "माझ्या साइटवर इंचभर चुकलं तरी कुणी सांगायला येत नाही." त्यांनी पेन उचललं. काय लिहिलं ते मला संध्याकाळी गुणपत्रिकेत दिसलं. मुलगी पास होती, वर्गात पहिल्या तिघांत.

मी लगेच बाईंना फोन केला. "मॅडम, अभिनंदन. तुमची विद्यार्थिनी पास झाली."

"ते मला दुपारीच कळलं. ती बापाला 'नीट बघा' म्हणाली, ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"गुण पदरात पडले होते. तरी म्हणाली." मग बाई नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाल्या, "ती झाली आर्किटेक्ट. कॉलेजची दोन वर्षं राहिलीत, तेवढी आता करू दे तिला सावकाश."